मुसाफिराचा हक्क आणि आपलं पिंपळनेर

मगरिबची अजान व्हायला दहा-बारा मिनिटं राहिली होती. पिंपळनेरच्या रस्त्यावर खजूर, केळी आणि टरबुजाच्या गाड्यांभोवती रमजानची नेहमीची घाई चालली होती. तेवढ्यात एक जीप कडेला थांबली. आजारी नातेवाइकाला मालेगावात भेटून सुरतेकडे परत निघालेलं कुटुंब होतं. म्हातारी आई, मुलगा, सून आणि दोन लेकरं. मुलगा खाली उतरला. मला वाटलं, इफ्तारीला काही घेईल. पण खजूर, पाणी सगळं त्यांच्याजवळ होतं. तो जरा संकोचून म्हणाला, "चाचा, अम्मी के वुजू का कुछ इंतजाम हो जाएगा?" आणि मग आवाज आणखी खाली आणून, "वाटेत एके ठिकाणी थांबलो, तर स्वच्छतागृहाला कुलूप होतं. अम्मी दोन तासांपासून तशीच बसली आहे."

मी काही बोलायच्या आत शेजारची चहावाली मावशी उठली. "आमनं घर मांगेच शे," असं म्हणत तिनं म्हातारीचा हात धरला आणि दोघी बायकांना गाडीमागच्या आपल्या घरात घेऊन गेली. दहा मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा म्हातारीच्या चेहऱ्यावर पाणी होतं आणि हसूही. आम्ही सगळ्यांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला, एका चादरीवर रोजा सोडला. निघताना मुलगा म्हणाला, "चाचा, हा रस्ता किती छान आहे. डोंगर, नदी, धरण. दर वेळी वाटतं, लेकरांना घेऊन एक दिवस थांबावं. पर रुकें कहाँ?"

थांबायचं कुठं? आपल्या भागातल्या पर्यटनाविषयी आजवर मी जेवढी भाषणं ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटला.

रमजान हा एका जागी थांबून स्वतःकडे पाहण्याचा महिना. पण याच महिन्याच्या नियमांत मुसाफिराची आठवण फार आपुलकीनं ठेवलेली आहे. रोजा फर्ज आहे, तरी आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सुटलेले रोजे त्यानं नंतर पूर्ण करावेत. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. जकात कुणाला द्यावी, याचे आठ हक्कदार कुरआनानं सांगितले, त्यांत वाटेत अडचणीत सापडलेला मुसाफिरही आहे. घरी तो श्रीमंत का असेना, वाटेत हात रिकामा झाला तर त्याचा हक्क लागू होतो. प्रवासात माणूस दुबळा असतो, हे धर्मानं ओळखलं आहे. त्याला रस्ता माहीत नसतो, भाषा येत नसते, कुणाला हाक मारावी हे कळत नसतं. म्हणून त्याची सोय पाहणं हा उपकार मानलेला नाही, त्याला हक्क म्हटलं आहे.

आजच्या भाषेत आपण प्रवाशाला पर्यटक म्हणतो आणि त्याच्या सोयीला उद्योग. शब्द बदलले, पण माणूस तोच आहे. त्याला पाणी हवं, सावली हवी, स्वच्छ शौचालय हवं, भरवशाचं जेवण हवं आणि आपल्याला कुणी लुबाडणार नाही याची खात्री हवी.

आपल्या खान्देशाला मुसाफिर नवा नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२मध्ये मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला. वाटेत दौलताबाद पाहून तो नंदुरबारला आला आणि पुढे खंबायतच्या बंदराकडे गेला. नंदुरबार हे मराठ्यांच्या वस्तीचं छोटं गाव असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. इथली माणसं कारागिरीत, वैद्यकीत, ज्योतिषात हुशार आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जिवाला दुखवणं त्यांना आवडत नाही, अशी नोंद त्यानं केली. सातशे वर्षांपूर्वी दूर देशाहून आलेल्या या माणसाला इथलं काय आठवणीत राहिलं, तर लोकांचे हुन्नर, त्यांचं जेवण आणि त्यांचा स्वभाव.

त्यानंतर तीनशे वर्षांनी फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जायचा. त्याचं प्रवासवर्णन १६७६मध्ये छापून आलं. त्यात आपल्या शेजारचं नवापूर आहे. विणकरांचं मोठं गाव, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा, असं वर्णन त्यानं केलं आहे. इराणात कुणाला चांगली भेट द्यायची तर लोक या तांदळाचं पोतं नेत, असंही तो सांगतो. जाहिरात नाही, घोषवाक्य नाही, तरी नवापूरच्या भाताचं नाव इराणपर्यंत पोचलं होतं.

त्याच वर्णनातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सुरतेकडून येताना नवापूरच्या अलीकडचा एक टप्पा फार लांब पडायचा. मुलूख सरहद्दीचा, तांड्यांना त्रास व्हायचा. म्हणून शहाजहानची मुलगी बेगमसाहिबा, म्हणजे जहांआरा, हिनं तिथं धर्मार्थ मोठी सराई बांधली. लोक त्या ठिकाणाला बेगमची सराईच म्हणू लागले. जहांआराची दिल्लीच्या चांदणी चौकातली सराई प्रसिद्ध आहेच. पण इथं, या आडवाटेवर, तिनं काय पाहिलं? डोंगर किती सुंदर आहेत, हे पाहून तिनं जागा ठरवली नाही. मुसाफिर कुठं थकतो, हे पाहून ठरवली.

सुरत तेव्हा हजचं दार होतं. हिंदुस्थानातले हाजी तिथून जहाजात बसत. उत्तरेतून आणि दख्खनमधून सुरतेकडे जाणाऱ्या कित्येक काफिल्यांनी खान्देशातल्या पाण्यावर वुजू केला असेल. त्यांची वाट पाहणारी गावं आपली होती.

आता आजच्या हिशेबाकडे येऊ. जागतिक आर्थिक मंच दर काही वर्षांनी देशोदेशींच्या पर्यटनाची तुलना करतो. २०२४च्या यादीत ११९ देश होते. अमेरिका पहिली, स्पेन दुसरा, जपान तिसरा. भारत ३९वा. आता त्याच अहवालातले पोटविभाग पाहा. नैसर्गिक संपत्तीत भारत सहावा, सांस्कृतिक संपत्तीत नववा. म्हणजे देणाऱ्यानं आपल्याला भरभरून दिलं आहे. तरी एकूण क्रमांक खाली जातो, कारण डोंगर आणि देवळं यांच्यापलीकडचं जे माणसानं करायचं असतं, म्हणजे स्वच्छता, मुक्काम, सेवा, सुरक्षितता, त्यात आपण मागे पडतो.

देशाचं जे चित्र, तेच आपल्या तालुक्याचं. पिंपळनेरच्या भोवती काय नाही? वर लाटीपाड्याचं धरण, शेंडवडच्या डोंगरातून येणारी पांझरा. आमळीचं कन्हैयालाल महाराजांचं देवस्थान आणि त्या बाजूचा आलालदरीचा धबधबा. निजामपूरजवळ भामेरचा किल्ला. बळसाण्याचं विमलनाथ तीर्थ आणि तिथली जुनी दगडी देवळं. ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या, ज्या पाहायला लेकरं गाडी थांबवायला लावतात. ताहाराबादच्या बाजूला गेलं की मांगीतुंगी, जिथं २०१६मध्ये भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. आणि त्यापुढे साल्हेर, १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात साल्हेर आहे. म्हणजे जागतिक वारसास्थळ आता आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. धुळ्याकडून, सुरतेकडून तिथं जाणाऱ्याला पिंपळनेरची वाट सोयीची आहे.

तरीही यातला बराचसा प्रवासी पिंपळनेरवरून फक्त जातो. त्याचा मुक्काम सापुताऱ्याला पडतो.

सापुताऱ्याचं नाव निघालं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, आपणही सापुतारा करू. दुसरे म्हणतात, आपल्याला ते जमणार नाही. मला दोन्ही पटत नाहीत. सापुताऱ्याचा डोंगर आपल्या डोंगराहून फार वेगळा नाही, सह्याद्रीची तीच रांग आहे. फरक इतकाच की तिथं तलाव आहे तर नाव आहे, नाव आहे तर तिकीट आहे, रात्र झाली तर खोली आहे, आणि पावसाळ्यात काय पाहायचं हे आधीच सांगणारं कुणी तरी आहे. गुजरात सरकारनं ठरवून ते ठिकाण उभं केलं. त्या ठरवण्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सापुतारा वसवताना तिथल्या मूळ आदिवासी कुटुंबांना शेजारच्या नवागाममध्ये हलावं लागलं. ज्यांचा डोंगर, त्यांच्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याची वस्ती आली. आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल समाजाची गावं आहेत. इथली कुटुंबं दर वर्षी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. लेकरं शाळा सोडून आईबापांबरोबर जातात. पर्यटनाचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आधी हीच कुटुंबं येतात. एखाद्या मोठ्या मालकाचं रिसॉर्ट झालं आणि या माणसांना तिथं फक्त झाडू मारायचं काम मिळालं, तर गावाच्या हाती काय लागलं? पण आमळीच्या किंवा शेंडवडच्या एखाद्या घराला हंगामात आठवड्याला दोन पाहुणे मिळाले, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी त्यांनी खाल्ली, त्या घरच्या पोरानं त्यांना डोंगर दाखवला, आणि त्या पैशांवर ते घर एक वर्ष तोडीला गेलं नाही, तर त्याला मी बरकत म्हणेन.

हे स्वप्नरंजन नाही. केरळात कुमारकोमला २००८च्या सुमारास जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. तळ्याकाठची मोठी हॉटेलं भाजीपाला बाहेरून आणत होती. गावच्या महिला बचत गटांनी, म्हणजे तिथल्या कुडुंबश्रीनं, भाजी पिकवायची आणि हॉटेलांनी ती ठरल्या भावानं घ्यायची, अशी व्यवस्था बसवली गेली. पुढे पाहुण्यांना गावात नेऊन काथ्या वळणं, चटया विणणं दाखवायला सुरुवात झाली. हॉटेल तिथंच राहिलं, पाहुणा तोच, पण पैशाचा एक वाटा गावात थांबू लागला. हाच खरा टिकाऊ फायदा. स्वस्ताईच्या शर्यतीत कुणी ना कुणी आपल्याहून स्वस्त निघतोच. पण ज्या पर्यटनात गावाचा वाटा असतो, तिथं गावच पाहुण्याची राखण करतं.

दुसरं उदाहरण मलेशियाचं. मुस्लीम प्रवाशांसाठी कोणता देश सोयीचा, याची एक जागतिक यादी २०१५पासून निघते. तिच्यात मलेशिया सतत अव्वल राहिला आहे. तो मुस्लीमबहुल देश आहे म्हणून हे सोपं होतं, असं कुणी म्हणेल. मग जपानकडे पाहा. तिथं मुसलमानांची संख्या नगण्य. तरी टोकियोच्या नारिता आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळांवर नमाजची खोली आहे, पाय धुवायची सोय आहे. जपाननं धर्म बदलला नाही, फक्त पाहुण्याला काय लागतं ते विचारलं. याच नजरेनं आपण जैन यात्रेकरूकडे पाहायला हवं. मांगीतुंगी आणि बळसाण्याच्या मधल्या वाटेवर सूर्यास्ताच्या आधी, कांदा-लसणाशिवायचं जेवण मिळालं, तर तो कुटुंबकबिल्यासह थांबेल. रोजेदाराला सूर्यास्तानंतर जेवण हवं, जैन यात्रेकरूला सूर्यास्ताच्या आधी. दोघांची भूक ओळखणारं गाव पोटापाण्याला कमी पडणार नाही.

मग पिंपळनेरनं काय करावं? माझ्या मते पिंपळनेरनं सापुतारा होऊ नये. पिंपळनेरनं सराई व्हावं. बेगमच्या सराईसारखं, वाट जिथं लांब पडते तिथलं विश्वासाचं ठिकाण.

त्यासाठी कोट्यवधींची वाट पाहायची गरज नाही. पिंपळनेरला आता नगरपरिषद आहे. पहिलं काम, रस्त्यालगत बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी, चोवीस तास उघडी, पाणी असलेली स्वच्छतागृहं, आणि त्यांची देखभाल एखाद्या बचत गटाकडे ठरल्या मोबदल्यावर. दुसरं, सावलीची, बसायची जागा, जिथं कुणी नमाज पढेल, कुणी डबा उघडेल, कुणी बाळाला दूध पाजेल. तिसरं, मराठी, हिंदी आणि गुजरातीत एक मोठा फलक. साल्हेर किती लांब, मांगीतुंगीला गाडी कुठून, लाटीपाड्यावर कुठपर्यंत जायचं आणि पाण्यात कुठं उतरायचं नाही. धबधब्यावर आणि धरणावर पोरं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात राज्यभरातून येतात. दोरखंड, सूचना आणि एक प्रशिक्षित माणूस यांच्याशिवाय धबधब्याची जाहिरात करणं पाप आहे.

चौथं काम जेवणाचं. खान्देशाची चव परक्या माणसाला एकदा लागली की तो विसरत नाही. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्या नवापूरच्या तांदळाचं पोतं कधी इराणात भेट म्हणून जात होतं, त्या भागातल्या ढाब्यावर आपण पाहुण्याला नूडल्स का वाढतो?

पाचवं, घरं. राज्यात निवास व न्याहारी योजना आहे, २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, आणि २०२३मध्ये आलेल्या 'आई' या महिलाकेंद्री धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर मर्यादेत व्याजाचा परतावा आहे. हे कागद पाड्यापर्यंत पोचवायला कुणी तरी हवं. आपल्यातले शिकलेले तरुण, मग ते कुठल्याही समाजाचे असोत, महिन्यातला एक रविवार पाड्यावर जाऊन अर्ज भरून देऊ शकतात.

काही मित्र म्हणतील, मौलाना, तुम्ही जकातीचा पैसा आता शौचालयात घालायला सांगणार का? नाही. जकातीचे नियम ठरलेले आहेत, ती गरजवंताच्या हातात पडली पाहिजे, आणि मी मौलानाही नाही. सार्वजनिक सोय करणं हे नगरपरिषदेचं आणि सरकारचं कर्तव्य आहे, ते त्यांच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण सदका-ए-जारिया नावाची गोष्ट आपल्याकडे आहे. विहीर खोदली, झाड लावलं, सराई बांधली, तर माणूस गेल्यावरही तिचं पुण्य चालू राहतं. रस्त्यातला काटा बाजूला करणं हाही सदकाच, अशी आमची शिकवण आहे. रमजानात आपण पाणपोई लावतो, ती ईदच्या दुसऱ्या दिवशी उचलतो. या वर्षी ती उचलू नये. पुढे वैशाख-जेठाचं ऊन आहे. मुसाफिराची तहान चांद पाहून लागत नाही.

यंदा रमजान आणि फाल्गुन जवळपास बरोबरच आले. पळस फुलला आहे, मोहाचा वास सुटला आहे. होळी रोज्यांतच आली. पलीकडे सातपुड्यात काठीची राजवाडी होळी पाहायला दुरून लोक येतात. पाहुण्यांनी यावं, जरूर यावं. पण नाचणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा नेऊन धरू नये, हे सांगणारा यजमानही असावा लागतो. आपली होळी, आपली ईद, आपली पालखी ही विकायला मांडलेली वस्तू नव्हे. आपल्या घरचं कार्य आहे, पाहुण्याला जागा आहे, एवढंच.

त्या संध्याकाळी जीप निघून गेल्यावर मी चहावाल्या मावशीला विचारलं, "ओळख ना पाळख, थेट घरात नेलंस?" ती कप विसळत म्हणाली, "म्हातारी मानूस व्हती ना भाऊ." तिला निर्देशांक माहीत नाही, धोरण माहीत नाही. पण थांबायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी पिंपळनेरच्या वतीनं तिनंच दिलं. मात्र तिच्या एकटीच्या घरावर किती मुसाफिरांचा भार टाकणार? ईदच्या आत नगरपरिषदेला द्यायचं एक निवेदन आम्ही काही जण तयार करतो आहोत. स्वच्छतागृह, सावली आणि फलक, तीनच मागण्या. सह्यांचा कागद मावशीच्याच गाडीवर ठेवला आहे. पहिली सही तिची आहे.